आत राहिलेली नळी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वाकडं येतं — पण तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

मी बोईसरच्या एका दवाखान्यात मावशी आहे, राहायला सरावलीला. माझं काम दुर्बिणी धुण्याचं. तोंडातून पोटात जाते ती काळी, लांब दुर्बीण — एक पेशंट झाला की पुसायची, बारीक ब्रश आतून फिरवायचा, औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. पूर्वी पित्ताच्या वाटेत खडा अडकला की पोट फाडायचे. आता एक टाका पडत नाही. दुर्बिणीतून तारेची इवलीशी जाळी जाते, खडा पकडते आणि ओढून काढते. पडद्यावर मी कितीदा पाहिलंय. जणू मीच काढला, असं वाटायचं मला. हे का सांगते? कारण खोटं तिथूनच सुरू झालं.

सुकरी मासवणकडची, माझ्या माहेरच्या बाजूची. पंचविशीची असेल. भाद्रपदात आली तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते. बरोबर सासू. डॉक्टर हिंदीत समजावत होते आणि सासू पिशवी उचलून निघालीच होती. डॉक्टर मला म्हणाले, मावशी, तुमच्या बोलीत सांगा. चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं.

"फाडायचं नाय, आये. दुर्बीण जाते, खडा घेऊन येते. आत काय ठेवत नाय."

"खरं सांगतेस?"

"माझी शपथ हाय."

"तुझी शपथ घेऊन काय करू? तू तर आमच्या कोंबडीएवढी हायस!"

सुकरी हसली. त्या हसण्यावरच त्या दोघी थांबल्या.

'आत काय ठेवत नाय' — हे सांग असं मला कुणी सांगितलं होतं का? नाही. ते माझं मीच जोडलं.

खडा मोठा निघाला. थोडा फुटून आला, थोडा आतच राहिला. पित्त वाहतं राहावं म्हणून डॉक्टरांनी बोटाएवढी प्लास्टिकची नळी आत बसवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, तीन महिन्यांनी नळी काढायला यायचंच. नाही आली तर नळी तुंबेल, आत पू होईल. नीट समजावा आणि कागदावर अंगठा घ्या.

मी सांगायलाच गेले होते — हे खरं आहे. पण सासूने मला पाहिलं आणि पदराची गाठ सोडून सुके वाल माझ्या ओंजळीत ओतले. "तू बोललीस तसंच झालं, बाय. कोंबडीची शपथ खरी निघाली!" आता कसं सांगू, की आत ठेवलंय? माझ्याच माणसांसमोर मीच खोटी पडू? म्हटलं, घरी सोडताना सांगेन.

घरी सोडताना सुकरीचा अंगठा मी माझ्या हाताने शाईत टेकवला. कागद इंग्रजीत. तिने विचारलं, "ह्यो कशाला?"

"घरी जायचा कागद हाय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, "मावशी, समझाया ना?" मी मान हलवली.

इथे थांबले असते तर म्हणता आलं असतं, बुजरी बाई, जीभ रेटली नाही. पण एवढंच नाही ना झालं.

तीन महिने भरले. सुकरी आली नाही. डॉक्टरांनी विचारलं, मासवणची ती कुठे आहे? तिच्याकडे फोन नव्हता. मला सुट्टी दिली, गावी जाऊन निरोप द्या म्हणाले. मी गेले. घराला कडी. शेजारीण म्हणाली, दिवाळी झाली तशी सगळी वीटभट्टीवर गेली, भिवंडीच्या बाजूला. "माझा दीर उद्याच तिकडं जातोय. काय निरोप हाय काय?"

शेजारीण समोरच उभी होती. एक वाक्य, एवढंच सांगायचं होतं. पण निरोप गेला की प्रश्न येणार — नळी कसली? तेव्हाच का नाय सांगितलं?

"नाय, काय नाय," मी म्हटलं. "सहज आलते."

डॉक्टरांना सांगितलं, निरोप दिला. त्या दिवसापासून दुर्बीण घासताना मी दिवस मोजायची. चौथा महिना. पाचवा. बाहेर कुणी कण्हलं की वाटायचं, तीच आली. सहाव्या महिन्यात, ती आता येत नाही म्हणजे ठीकच असेल, असंही मनाला सांगून पाहिलं.

वैशाखात आली. भट्टीवरून थेट, टेम्पोत घालून. थंडी वाजून दात आपटत होते. डोळे पहिल्यापेक्षा पिवळे.

डॉक्टर कागद हातात घेऊन ओरडले — सांगितलं होतं ना? हा अंगठा तुझाच ना? मी हातात ब्रश घेऊन दारात उभी होते. सुकरीने अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं आसल, सायेब," ती म्हणाली. "मीच इसरली आसंन."

तिला कळलं होतं का? की शिकलेली माणसं खोटं बोलत नाहीत, असं तिला खरंच वाटलं? मला आजही सांगता येत नाही.

त्याच दुपारी डॉक्टरांनी दुर्बीण घालून नळी काढली. काळी पडली होती, पूर्ण बुजलेली. मागून पू वाहिला. नवी नळी बसवली, महागडी औषधं दिली. पण विष रक्तात उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी सुकरी गेली.

ती काळी नळी ट्रेमध्ये पडून होती. तो ट्रे मीच धुतला.

सासू अजून बोईसरच्या बाजारात भेटते. लोकांना सांगते, हिने माझ्या सुनेसाठी लई केलं, गावापर्यंत आलती बिचारी. मी खाली बघते. शेतात वाल झाले की माझ्यासाठी वेगळे बांधून आणते.

यंदाही आणले. मी घेतले. भिजवले, सोलले, शिजवले, आणि सगळ्यांबरोबर बसून खाल्ले.