नकोबा बुफेला जातो

माझ्या थोरल्या भावाचं खरं नाव आता त्याच्या पेन्शनच्या कागदांवरच उरलंय. बाकी सगळा गोतावळा त्याला नकोबा म्हणतो. हे नाव त्याने कष्टाने कमावलं आहे. पाणी देऊ? नको. पंखा लावू? नको. उद्या घराला आग लागली आणि कोणी विचारलं, बाहेर येताय का, तर दादा आधी "नको, कशाला उगाच" म्हणेल आणि मग आपल्याला कोणी हात धरून ओढतंय का ते बघत तिथेच बसेल.

कारण त्याच्या नकोचा अर्थ नको असा नसतोच. आमच्या आईची शिकवण होती की दुसऱ्याच्या घरी काही पुढे केलं तर एकदा नको म्हणावं, दुसऱ्यांदाही नको म्हणावं, तिसऱ्यांदा घ्यावं. म्हणजे पोरं हावरट दिसत नाहीत. मी ही शिकवण लहानपणीच सोडली, कारण आपण दुसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत बशी पुढे सरकलेली असते हे मला कळलं. दादा पडला आज्ञाधारक. चष्म्याच्या दुकानात तो कामाला होता. मालकाने एकदा विचारलं, नवी शाखा सांभाळतोस का? दादा म्हणाला, नको. मालकाने लगेच आपल्या मेहुण्याला विचारलं. मेहुण्यावर असले काही संस्कार नव्हते, तो पहिल्याच दमात हो म्हणाला. पुढे जन्मभर दादाने त्या मेहुण्याच्या हाताखाली काम केलं आणि घरी येऊन मला सांगत राहिला, "मालकांनी अजून एकदा विचारायला हवं होतं."

गंमत अशी की दादाचं कामच मुळी विचारण्याचं. तो नंबर काढायचा. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, काच बदलायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" गिऱ्हाईक गोंधळलं की पुन्हा काच, पुन्हा प्रश्न. कंटाळा म्हणून नाही. अख्ख्या गावाला असं खोदून खोदून विचारणाऱ्या या माणसाला पुन्हा विचारणारं जगात एकच माणूस होतं, माझी वहिनी. "घ्या." "घ्या म्हणते ना." "घेताय की ओतू ताटात?" या तीन पायऱ्यांवर त्यांचा संसार सुखात झाला. वहिनी गेली आणि दादाचं वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, भूक मेलीय. भूक कसली मरतेय! विचारणारी गेली होती.

मी त्याच्या खालच्याच मजल्यावर राहते. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवलं, आता निवृत्त आहे. संध्याकाळी दादा खाली येतो आणि दारातच जाहीर करतो, "चहा नको हं मला." मी विचारायच्या भानगडीत पडत नाही, कप पुढे ठेवते. तो पितो, साखर कमी पडली म्हणून कुरकुर करतो, वर जातो. आमचं बरं चाललं होतं.

मग दादाच्या चिरंजीवांनी दुसऱ्या शहरात मोठं घर घेतलं. सून फोनवर म्हणाली, बाबांसाठी एक खोली काढून ठेवलीय, खिडकीतून बाग दिसते. झालं! दादा त्या खिडकीबद्दल माझ्याशी इतकं बोलला की मला त्या बागेतल्या झाडांची नावं पाठ झाली. "जायचं मात्र काही नाही हं मला," असं प्रत्येक वेळी शेवटी असायचंच. एकदा त्याच्याकडे केर काढताना माझा झाडू पलंगाखाली कशावर तरी आपटला. वाकून बघते तर चाकांची कोरी करकरीत बॅग. आत मोजे, टॉवेल, दाढीचं सामान आणि कपड्यांच्या घडीत वहिनीचा फोटो. मी बॅग होती तशी आत सरकवली. मला वाईट वाटलं, आणि ते त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी वाटलं.

अखेर मुलगा आणि सून आले. दुसऱ्या दिवशी परत निघायचं, त्याआधी काय ते ठरवायचं. त्यासाठी दुपारी जेवायला नेलं ते एका बड्या हॉटेलात. "आत्या, बुफे आहे, सगळ्या देशांचं जेवण मिळतं," चिरंजीव म्हणाले. घरच्या चार माणसांना एक प्रश्न विचारायला एवढे देश कशाला लागतात, हे मी विचारलं नाही.

आत गेलो. लांबच लांब टेबलं, त्यावर झाकणाची भांडी, खाली निळ्या ज्योती, प्रत्येक भांड्यापुढे नावाची पाटी. इटलीचा पास्ता चीनच्या नूडल्सला खेटून बसलेला. बर्फात कोरलेला एक हंस होता, त्याच्या चोचीतून थेंब थेंब पाणी फळांवर पडत होतं. चांगल्या घरची माणसं ताटात डोंगर रचून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून कोपर बाहेर काढून चालली होती. पहिल्या फेरीत सगळे सभ्य होते. दुसऱ्या फेरीला गोडाच्या टेबलापाशी एका टायवाल्याने एका आजीबाईंना अशी बगल दिली की मी मनात टाळ्या वाजवल्या.

दादा मांडीवर नॅपकीन पसरून बसून राहिला.

"बाबा, इथे आपणच जाऊन घ्यायचं असतं," सून म्हणाली.

"हो हो. तुम्ही घ्या आधी."

तेवढ्यात वेटर आला. "सूप देऊ, सर?"

"नको."

वेटर गेला. दुसरा आला, गरम ब्रेडची टोपली घेऊन. "नको," दादा म्हणाला आणि टोपलीकडे बघत राहिला. टोपली शेजारच्या टेबलावर गेली. त्या वेटरांना पाहुण्याच्या शब्दाचा मान राखायचं इतकं पक्कं शिकवलेलं होतं की त्यांच्या राज्यात माझा भाऊ उपाशी मेला असता.

चिरंजीव भरलेलं ताट घेऊन परत आले आणि तोंडात घास असतानाच म्हणाले, "मग बाबा, काय ठरलं तुमचं? येताय ना आमच्याकडे राहायला?"

दादाने नॅपकीनची घडी घातली. "नको रे. तुमच्यात माझी कशाला अडचण."

"बरं. आम्ही जबरदस्ती नाही करणार."

"तुमच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे, बाबा," सून म्हणाली. पोरगी वाईट नाही, मनापासून म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली, "त्या खोलीत मग ट्रेडमिल ठेवूया का?"

खिडकीतून बाग बघत आता ट्रेडमिल धावणार होतं. दादाचा चेहरा उतरला. तो उठला, दिवसातलं पहिलं ताट हातात घेतलं आणि समोर ताजं करून देणाऱ्या आचाऱ्यापुढे जाऊन उभा राहिला.

"काय बनवू, सर?"

"काहीही चालेल."

"काय हवं ते सांगा ना."

दादाला सांगता येईना. मागे रांग वाढली, कोणीतरी च्यक् च्यक् केलं. दादा बाजूला झाला आणि परत येऊन बसला. ताटात लिंबाची एक फोड होती.

खरं सांगते, त्या आधी मी खूश झाले होते. दादा जाणार नाही, संध्याकाळी दारात येऊन चहा नको म्हणणार, या विचाराने मला छान वाटलं होतं आणि मी केकचा एक तुकडाही खाल्ला होता. पण ती लिंबाची फोड बघितली आणि मी केकची बशी बाजूला सारली.

"परत विचार," मी भाच्याला म्हणाले.

"काय?"

"बापाला. परत विचार."

"अगं आत्या, ते स्पष्ट नको म्हणालेत."

"त्याने तुझ्या आईलाही स्पष्ट नको म्हटलं होतं. लग्नाआधी, दोनदा. विचार!"

तो वैतागला. "बाबा, येताय का आमच्याकडे?"

दादाने माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि त्या कर्मदरिद्री जिभेतून निघालं, "नको रे, कशाला उगाच..."

"बघ!" चिरंजीव म्हणाले.

"अरे गाढवा, तिसऱ्यांदा विचार!" मी एवढ्या जोरात ओरडले की आसपासचे चमचे थांबले. ब्रेडवाला वेटर टोपलीसकट वळून बघायला लागला.

भाचा गोंधळला. मग त्याने चमचा खाली ठेवला, आणि मला वाटतं त्याला त्याची आई आठवली असावी. हळूच म्हणाला, "बाबा, या ना. खरंच या."

दादाने चष्मा नीट केला. "आता तुझा एवढा आग्रहच आहे म्हटल्यावर..."

त्यानंतर त्याने जे खाल्लं ते बघून टायवाल्यानेही आदराने वाट करून दिली.

घरी आलो. मुलगा आणि सून वर गेले, दादा माझ्या दारात थांबला. "अगं, पण तुझं काय? तूही चल ना आमच्याबरोबर. मोठं घर आहे."

आईची शिकवण लहानपणीच सोडली असं मी इतकी वर्षं समजत होते. तोंडातून निघालं, "नको रे. मला इथे काय कमी आहे?"

आणि मी थांबले. समोर दादा उभा होता, अख्ख्या गावाला पुन्हा पुन्हा विचारून नंबर काढणारा माझा सख्खा भाऊ. त्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला, "तुझी मर्जी." आणि जिना चढून गेला.

थोड्या वेळाने वरच्या खोलीत पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. चाकं चांगली होती, कुठे अडली नाहीत.