सिंधूबाईंनी सोडलेलं विमान

"अक्का गेली, सिस्टर…" सिरोंच्याहून लक्ष्मीचा फोन आला. ब्रह्मपुरीजवळच्या आपल्या गावी सिंधूबाई झोपेतच गेल्या होत्या. त्याला आता महिना होऊन गेला.

मी वरोऱ्याची. आखातातल्या एका शहरात बरीच वर्षं नर्स होते. मालकाचं घर सोडून आलेल्या बायकांसाठी तिथल्या आपल्या लोकांनी एक आश्रयघर चालवलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे औषधपाणी बघायला जाई. एकदा स्वयंपाकघरातून आवाज आला, "भाताचा असा चिखल काऊन केला व?" परमुलखात आपली बोली ऐकून मी चपलांसकट आत गेले. सिंधूबाई ढिवरांच्या, तलावातल्या मासोळीवर वाढलेल्या. नवरा गेल्यावर घरकामासाठी तिकडे गेल्या, आणि एका सकाळी मालकाच्या घरातून निघून थेट आपल्या वकिलातीत चालत गेल्या होत्या.

त्यांचं परतीचं तिकीट आलं, त्याच सुमारास मोडका हात गळ्यात बांधून लक्ष्मी आली. मालकिणीने तिला जिन्यावरून ढकललं होतं. आपण स्वतःच पडलो असं तिने कबूल केलं तरच पासपोर्ट देऊ, असं ते घर म्हणत होतं. तिला तेव्हा तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. सिंधूबाई मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेल्या, त्यांना ती भाषा कळे. त्यांनी विमान सोडलं. देश सोडायची परवानगी एकदा संपली की पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, असं वकिलातीतल्या अधिकाऱ्याने परोपरीने समजावलं. मीही जा म्हणाले.

"संपू द्या," त्या म्हणाल्या. "मी गेली तर हिच्या बाजूनं कोन बोलन?"

समझोत्याला मालकाचा माणूस आला तेव्हा त्यांनी त्याची अट लक्ष्मीला सांगितली. लक्ष्मीने नकारार्थी मान हलवली. "ती नाई म्हन्ते," सिंधूबाई म्हणाल्या, आणि तिच्याजवळ मांडी ठोकून बसल्या. पुढे कामगार खात्यात तक्रार गेली, तारखा पडत राहिल्या… अखेर लक्ष्मीचा पासपोर्ट आला, सिंधूबाईंनाही नव्याने परवानगी मिळाली. लक्ष्मीने आपला शब्द फिरवला नाही. दोघी एकाच विमानाने परतल्या.

गावी आखातात निघालेल्या बायका त्यांच्याकडे येत. जाऊ नका, असं त्या कुणाला म्हणत नसत; अडचणीत कुणाचं दार ठोठावायचं, ते मात्र पाठ करून घेत. एकदा एजंट चिडून आला. "तुमच्यामुळं बाया मले सवाल विचारून राह्यल्या."

"मंग जवाब दे नं," एवढंच त्या म्हणाल्या.

परवा त्यांच्या घरी गेले. आतल्या खोल्यांच्या दारांना बाहेरून कडीच नाही, नुसती खिळ्यांची भोकं आहेत. आखातातल्या मालकाच्या घरात त्यांना रोज बाहेरून कडी लावून कोंडत. परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते या कड्या काढून टाकायचं. एक नातेवाईक म्हणाले, आता सुताराला बोलावून कड्या बसवून घ्या.

त्यांची सून भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही. "नाई बसवत," ती म्हणाली.