जांभळा दिवा, बादली आणि आबांचा हात

आमच्या गल्लीतले समस्त रहिवासी, दूधवाले, पहाटे फिरायला निघणारे ज्येष्ठ नागरिक आणि विशेष करून मीटरचं रीडिंग घ्यायला येणारे गृहस्थ यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या मागच्या अंगणात नवरात्रापासून जळणारा जांभळा दिवा हा करणी, भानामती, आकडा टाकून घेतलेली वीज किंवा परग्रहावरून येऊ घातलेले पाहुणे यांपैकी कशाशीही संबंधित नाही. तो पतंगांसाठी, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या पाखरांसाठी आहे. संध्याकाळी लावायचा, झोपायचं, आणि सकाळी त्याच्याखालच्या बादलीत कोण कोण येऊन बसलंय ते बघून, वहीत लिहून, सगळ्यांना सोडून द्यायचं. बस, एवढंच. कृपया सहकार्य करावे.

हा छंद मला पंचेचाळिशीत लागला. या वयात माणसाला मधुमेह तरी लागतो नाहीतर छंद. माझ्या बायकोचं म्हणणं, मधुमेहाला निदान गोळ्या असतात.

बादलीवर बसणारं पत्र्याचं नरसाळं मी आमच्या जळगावातल्याच एका चाचांकडून करून घेतलं. चाचांचा जन्म पत्रा ठोकण्यात गेलेला. त्यांनी माप घेतलं आणि विचारलं, "कौनसा तेल डालोगे? मीठा के मिट्टी का?"

"तेल नाही चाचा. किडे येणार यातून."

चाचांनी हातोडी खाली ठेवली. "कीडे? अरे साहब, कीडे तो मेरी दुकान में बिना नरसाले के आते हैं. थैली लाओ, भर के देता हूँ!"

बादलीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून ठेवावे लागतात. पतंगांना त्या खळग्यांत लपून बसायला आवडतं. हे ट्रे मी बुर्जीच्या गाडीवरून आणायचो. आणि नेमकं त्याच सुमाराला सासरेबुवा, म्हणजे आमचे आबा, घरी दाखल झाले.

आबांचं गाव धुळ्याच्या पलीकडे, पिंपळनेरच्या रस्त्याला. कापूस, थोडा मका, बांधाला तीळ. ट्रॉलीवरून उतरताना पाय निसटला आणि उजवा हात मनगटात मोडला. बायको धुळ्याहून त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आली. प्लास्टर निघेपर्यंत आबांना गावी जाऊ द्यायचं नाही, असा तिचा हुकूम होता. कारणही पक्कं होतं. कापूस फुटायला लागलेला, आणि गावात पाय ठेवला की आबा प्लास्टरसकट वेचणीला जाणार, हे गावातली शेंबडी पोरंही सांगू शकत होती.

आबांची बाजूही पक्की होती. त्यांच्या मते लेकीच्या घरी बापाने कारणाशिवाय मुक्काम करायचा नसतो. चहा प्यावा, विचारपूस करावी, निघावं. त्यामुळे रोज सकाळी सात वाजता ते टोपी घालून पिशवी घेऊन ओट्यावर उभे. "धुळानी गाडी कितला वाजता शे?" बायको पिशवी आत नेऊन ठेवायची. आठ वाजता पिशवी पुन्हा ओट्यावर. असा पाच दिवस सामना चालला.

त्यात माळकरी माणूस, आणि जावई रोज अंड्यांचे ट्रे घेऊन घरात शिरतो. चार दिवस आबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन अतिशय मायेने म्हणाले, "जवाई, खातस ते खा. मी काही बोलनार नही. पन टरफलं कोठे टाकतस, तितलं सांगा."

मग मला त्यांना अंगणात नेऊन बादली दाखवावीच लागली. त्यांनी दिवा बघितला, नरसाळं बघितलं आणि चेहरा उजळला. "सापळा! मंग पहिले सांगानं ना!" शेतात प्रकाश सापळा लावतात ते त्यांना पाठ होतं. मला वाटलं, चला, घरात एक तरी जाणकार मिळाला. त्या आनंदात मी पुढचं काही सांगायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आबा आंघोळ करून, गंध लावून बादलीशेजारी खुर्ची टाकून बसलेले. त्या दिवशी पिशवीचं नावही नव्हतं. "जवाई, आज एक बी उडनार नही," ते म्हणाले. आवाजात बक्षीस समारंभाचा थाट होता.

मी नरसाळं काढलं. आत फेस. धुण्याची पावडर आणि पाणी, डाव्या हाताने नीट कालवलेलं. त्यात ट्रे विरघळून लापशी झालेली आणि त्या लापशीत माझे सगळे पाहुणे. शेतातल्या सापळ्याखाली साबणाचं पाणी ठेवतात. आबांच्या मते जावयाने सापळा आणला होता, पण मुख्य वस्तूच विसरला होता.

मी तोंड उघडलं. बायको दारात उभी होती. तिने नुसतं पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात मला तिच्या काही नजरांचे अर्थ पाठ झालेत. हिचा अर्थ होता, एक शब्द बोललास तर आबा नऊच्या गाडीत असतील.

"झकास, आबा," मी म्हणालो. वहीत त्या तारखेपुढे लिहिलं, 'साबण'.

दुपारी हळूच समजावलं की मी यांना मारत नाही. आबांनी टोपी मागे सरकवली. "माराना नही, ते धरतस कसाले?"

"कोण आलंय ते लिहायचं आणि सोडायचं."

"हजेरी लेवानी?"

"हो."

"हाई ते मास्तरनं काम शे," आबा म्हणाले, आणि दुसऱ्या सकाळी हजेरी घ्यायला माझ्याआधी हजर.

मग जे सुरू झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. मला पतंगांची शास्त्रीय नावं थोडीफार यायची, आबांना अळ्या सगळ्या यायच्या. पन्नास वर्षं अळ्यांशी लढलेला माणूस, पण कोणत्या अळीचं कोणतं पाखरू होतं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मी एक मातकट, नखाएवढा जीव ट्रेमधून उचलून म्हणालो, "आबा, ही तुमची घाटेअळी. मोठी झाली की अशी होते."

आबा चष्मा लावून जवळ आले. अपमान झाल्यासारखा चेहरा. "इतलंसं? हाई इतलंसं पाखरू मना बठ्ठा, सगळा हरबरा खाई गयं?"

तेव्हापासून वहीत एक नवा रकाना आला. माझ्या लॅटिन नावांपुढे आबांचं नाव. 'एरंडीवालं', 'मकावालं', 'कापूसनं चोरटं'. घाटेअळीची पाखरं मात्र मोजताना नेहमी दोन-चार कमी भरायची. विचारलं की आबा आकाशाकडे बघायचे. "उडी गयात." त्यांच्या डाव्या अंगठ्यावर मातकट भुकटी असायची. मी तो विषय वाढवला नाही.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "तीळवरनी अळी ऱ्हास ना, मोठी, बोटाएवढी, मांगे शिंग? तिनं काय व्हस?"

मी फोनवर फोटो दाखवला. हाताच्या पंजाएवढा पतंग, पोटावर पिवळे पट्टे, पाठीवर हुबेहूब कवटी. आणि वर सांगितलं की त्याला धरलं तर तो चक्क चीं चीं ओरडतो.

आबांनी फोन माझ्याकडे परत सरकवला. "फोटोमा नका दखाडू. बादलीमा दखाडा."

त्या दिवसापासून आबा थांबले. धुळ्याची गाडी कुणी विचारली नाही, पिशवी खुंटीवर गेली. बायको, जी मला त्या दिव्यावरून रोज बोलायची, ती आता संध्याकाळी स्वतः बटण दाबून यायची. बुर्जीवाल्याकडचे ट्रेसुद्धा तीच आणायची, तोंडाला ओढणी बांधून. पण कवटीवाला काही येईना. दिवाळी झाली, हवेत गारवा आला, बादलीतली गर्दी रोज कमी व्हायला लागली. आबा नरसाळं काढायच्या आधी त्याला कान लावून ऐकायचे. चीं चीं नाही. काही नाही.

आणि प्लास्टर काढायची तारीख येऊन ठेपली.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. आदल्या दिवशी मेव्हण्याचा फोन येऊन गेला होता. शेत पांढरंशुभ्र झालंय, हात मोकळा झाला की गाडी पाठवतो. बायको खुशीत होती. बाप सहा आठवडे टिकला, हाड नीट जुळलं, तिची लढाई तिने जिंकली होती. आबा मात्र वाटभर प्लास्टर कुरवाळत होते. त्या सकाळीही बादलीत तीनच पाखरं होती, तिन्ही मकावाली. कवटीवाला नव्हताच.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, एक्स-रे उजेडात धरला. "वा, आबा! हाड एकदम मस्त बसलंय. आता उद्या गावी गेलात तरी माझी हरकत नाही."

बायको हसली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे पाहिलं.

"फक्त एकदा दाबून बघतो," डॉक्टर म्हणाले, "दुखलं तर सांगा," आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांचं बोट आबांच्या मनगटापासून चांगलं वीतभर लांब होतं, तोच आबा मोठ्याने ओरडले, "दुखस ना साहेब! बठ्ठा हात दुखस! दोन्ही हात दुखतस!"