उजळ केलेला फोटो

सरूचा फोटो एका स्थळाला पाठवायचा होता, म्हणून आम्ही मायलेकी कॉलेजजवळच्या स्टुडिओत गेलो. आमच्या पुढे आफ्रिकेतून शिकायला आलेली एक मुलगी होती. व्हिसा वाढवायला काढलेला स्वतःचा फोटो बघून ती म्हणाली, "भैया, ये मैं नहीं."

"मॅडम, जरा उजळ केलाय. सगळ्यांचाच करतो," फोटोवाला हसला.

ती रागावली नाही, याचंच मला नवल वाटलं. मोडक्या हिंदीत ती सांगू लागली की, आमच्याकडेही असंच आहे. गोरं होण्याचं क्रीम लावून लावून माझ्या आईच्या गालांची सालं निघाली. निवडणुकीच्या फलकांवर आमचे पुढारीसुद्धा गोरे दिसतात. ज्यांना स्वतःचं तोंड नको, ते आमच्याकडे काय बघणार? तुमच्यावर कशाला रागावू, आधी आमचं आम्हीच सुधारायला हवं.

"मेरा काला वापस करो," ती शेवटी म्हणाली.

तिचा देश कुठल्या कुठे, पण दुखणं आमच्याच घरातलं. काळ्या मातीला आम्ही आई म्हणतो आणि काळी मुलगी झाली की घर गप्प होतं.

तिचा फोटो पुन्हा निघाला. तो तिच्यासारखाच होता, सुंदर. आता सरूही तसंच म्हणेल असं मला वाटलं.

"काका, माझा उजळच करा," सरू म्हणाली. "जमेल तेवढा."

रस्त्यावर आल्यावर माझ्याकडे न बघता ती बोलली, "आई, तिला व्हिसाला फोटो लावायचाय. मला पाहुण्यांपुढे बसायचंय."