हिरव्या ठिपक्याकडे बघताना

मी मनोरुग्णालयात डॉक्टर आहे. खटल्याला उभं राहण्याइतकं आरोपीचं मन थाऱ्यावर आहे का, हे तपासून मी कोर्टाला कळवते. पूर्वी पोलीस आरोपींना इथं घेऊन यायचे. आता तुरुंगातल्या एका खोलीतून ते माझ्या स्क्रीनवर येतात.

काल आलेला साठीकडे झुकलेला माणूस सारखा खाली बघत होता. अशा वेळी आम्ही डॉक्टर मनात लगेच नोंद करतो : नजर टाळतो. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे बघून बोला."

"तुमच्याकडंच बघतोय मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीच खाली बघताय."

खरंच की. तो स्क्रीनवरच्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होता आणि मी त्याच्या. कॅमेरा मात्र दोघांच्याही स्क्रीनच्या वर. एकमेकांना इतकं न्याहाळत असूनही आम्ही एकमेकांना नजर चुकवणारे वाटत होतो. फरक इतकाच, की त्याच्या नजरेचा अर्थ मी कोर्टाला कळवणार होते. माझ्या नजरेचा त्यानं काय अर्थ लावला, हे त्याला कुणी विचारणार नव्हतं.

मी कॅमेऱ्याशेजारच्या हिरव्या ठिपक्यावर नजर लावली.

"हां, आता बघताय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच घटनेच्या त्या दिवसाबद्दल, बायकोबद्दल बोलायला लागला. आवाज मध्येच कापत होता. तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल? खाली स्क्रीनवर बघावंसं फार वाटलं. पण बघितलं असतं, तर तो थांबला असता.