जरा पान बसू दे

"जरा पान बसू दे," एवढंच म्हणायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या, आमच्या मालिशवाल्या मावशी. विड्याच्या पानाला एरंडेल चोपडायचं, तव्यावर शेकायचं, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचं, मग बाळाच्या पोटावर ठेवायचं आणि वर आपला पंजा. तो पंजा तिथून उठेपर्यंत घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद. देवासमोरही ज्यांचं तोंड बंद नसतं त्या माझ्या सासूबाईसुद्धा चिडीचूप.

तुमच्याकडेही अशी एखादी बाई येऊन गेली असेल. तेलाने काळी पडलेली पिशवी, कमरेला खोचलेला पदर, आणि आल्या आल्या "पाणी तापवलंस का" म्हणून आपल्याच घरात आपल्याला दरडावणं. मी औषधांच्या कंपनीत नोकरी करणारी. पानाबिनावर माझा विश्वास शून्य. पण लालबागच्या चौदाव्या मजल्यावर पहिलटकरणीचं कोण ऐकतं?

मावशी राहायच्या डिलाईल रोडच्या चाळीत. तिथल्या गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात त्यांनी नागवेल लावली होती. कठड्याचा गज धरून ती पार वरच्या मजल्यावर चढली होती. नागवेलीला विटाळ चालत नाही, पाळीतल्या बाईची सावली पडली तरी ती जळते, असं माझ्या सासूबाईंनी त्यांना एकदा ऐकवलं. मावशी म्हणाल्या, "माझ्या वेलीला सगळं चालतं. मासे धुतल्याचं पाणी घालते मी तिला." सासूबाईंचा घास हातातच राहिला.

त्यांच्या पिशवीत पानं कायम असायची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. सर्दी झालेल्या पोराच्या छातीला पान. दूध गोठून छाती दगड झालेल्या बाळंतिणीला पान. जेवणानंतर तिलाच ओवा-बाळंतशोपा घालून विडा. दृष्ट मात्र काढायच्या नाहीत. सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या की म्हणायच्या, "ते तुमचं तुम्ही करा. आमच्या घरात बुद्ध आहे, त्याला असलं चालत नाही." मग दोघींचं ठरलेलं भांडण आणि ठरलेला चहा.

चिऊ पाच महिन्यांची झाली, मी कामावर रुजू झाले आणि मालिश बंद केलं. तरी दर मंगळवारी बेल वाजायचीच. "हितनंच चाललेले, म्हटलं पान लावून जाते." ना कोणी बोलावलेलं, ना चिऊला काही झालेलं. मी मनात म्हणायचे, चहाची सवय, दुसरं काय! एकदा तर सासूबाईंना म्हणाले, "आता नको सांगा त्यांना." आज हे लिहितानाही लाज वाटते.

चिऊ आठ महिन्यांची होती तेव्हाचा असाच एक मंगळवार. सकाळपासून ती रडत होती. पाय पोटाशी घेऊन कळवळून रडायची, मग एकदम थांबायची, पुन्हा सुरू. दोनदा दूध उलटलं. मी म्हणाले, दात येताहेत. सासूबाई म्हणाल्या, "पोटात वारो धरलो असतलो. मावशी येतीत, पान लावतीत, गप रवात ता." त्या दिवशी मी घरूनच काम करत होते, लॅपटॉपवर मीटिंगला बसले. हो, बसले.

अकराला मावशी आल्या. पान शेकलं, गालाला लावलं, पोटावर ठेवलं. "जरा पान बसू दे." चिऊ खरंच गप्प झाली. मला इतकं हायसं वाटलं की मी म्हणाले, "बघा, शांत झाली."

मावशींनी डोळे उघडले. पान बाजूला केलं आणि उजव्या बरगडीखाली दोन बोटं फिरवली. एकदा, दोनदा.

"ही शांत नाय झाली," त्या म्हणाल्या. "दमलीय. हे पानाचं काम नाय. गाडी बोलव."

सासूबाई म्हणाल्या, अहो, अजून एक पान लावून तर बघा. त्यावर मावशींनी ते पान चुरगाळलं आणि जमिनीवर फेकलं. ज्या बाईने आठ महिने माझ्या घरात पानाचं कौतुक सांगितलं, तिने पान केरासारखं फेकलं! पर्स कुठे, फाईल कुठे, काही सुचेना. मावशी मात्र चिऊला उचलून लिफ्टमध्ये उभ्या होत्या. अनवाणी.

परळच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरला होता. डॉक्टरांनी खालून हवेचा दाब देऊन तो मोकळा केला, कापावं लागलं नाही. म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर आतडं कुजायला लागलं असतं. आणि मला विचारलं, एवढ्या लवकर कोणाच्या लक्षात आलं? मी बाहेरच्या बाकड्याकडे बोट दाखवलं. तिथे मावशी पाय वर घेऊन बसल्या होत्या, तळवे काळेकुट्ट.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. रडूच आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझा बाबू एवढाच होता. दोन दिवस मी पान लावत बसले. दमला, तर मला वाटलं, झोपला."

बाबू नावाचं कोणी होतं हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. शेवटी न राहवून मी विचारलं, "मग तरी तुम्ही पान लावता?" मावशी म्हणाल्या, "चहा पाज गं पोरी." विषय तिथेच संपला.

त्यानंतरही त्या येत राहिल्या. चिऊ चालायला लागली, शाळेत जायला लागली, तरी मंगळवारी बेल वाजली की पोट उघडं करून पलंगावर पडायची. मग एका मंगळवारी बेल वाजली नाही. पुढच्याही नाही. फोन केला, तर त्यांच्या लेकीने उचलला. आई झोपेतच गेली, म्हणाली.

मी डिलाईल रोडला गेले. नागवेल तशीच होती, तजेलदार. लेक वेलीचा एक फाटा डब्यात लावून मला देत होती. मी सहज म्हणाले, तुमच्या मुलांनी तर भरपूर पानं लावून घेतली असतील. ती डब्यातली माती दाबत म्हणाली,

"आमच्या घरात पान कधीच नाही लावलं. माझ्या दोन्ही पोरांना आई नुसताच हात लावायची. मी विचारलं एकदा, मग लोकांकडे कशाला नेतेस? तर म्हणाली, नुसता हात कोण लावू देईल? पान नेलं की लोक पोरगं पुढ्यात देतात."

मी कठडा धरून उभी राहिले. ते मिटलेले डोळे, बंद केलेला मिक्सर, न बोलावता वाजलेली प्रत्येक बेल. चहाची सवय म्हणे! लालबाग-परळच्या किती घरांतून ही बाई बाबूचं पोट चाचपत हिंडली होती, आणि मी तिला नको सांगायला निघाले होते.

वेल आता माझ्या खिडकीत आहे, ग्रिल धरून चढलीय. मासे धुतल्याचं पाणी मीही घालते. गेल्या आठवड्यात नणंद आली होती, तिचा सहा महिन्यांचा मुलगा सकाळपासून किरकिरत होता. सासूबाई म्हणाल्या, पान लाव. मी खुडलं, एरंडेल लावून शेकलं, गालाला लावून बघितलं, त्याच्या पोटावर ठेवलं आणि वर हात ठेवला.

"जरा पान बसू दे," मी म्हणाले. सगळे गप्प झाले. मी डोळे मिटले. हाताखाली ते मऊ पोट वरखाली होत होतं, आणि माझ्या हाताला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तेवढ्यात तो रडायचा थांबला. मी डोळे उघडले, त्याला उचललं आणि डॉक्टरकडे निघाले. चपला घातल्याच नाहीत, हे लिफ्ट खाली पोचल्यावर कळलं.