कडेचा माणूस

"भुताच्या पिक्चरमध्ये मला भुताची भीती वाटत नाही, मागनं चालत जाणाऱ्या माणसांची वाटते," असं रोंडा हॉस्टेटर एकदा शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता म्हणाली होती.

बाकीच्या बायका हसल्या. पॅट्सी म्हणाली, "रोंडे, तुझं डोकं ना, त्या बटाट्यांबरोबर उकडायला टाकायला हवं."

रोंडाही हसली. शाळेतल्या चारशे मुलांचं जेवण तिनं तीस वर्षं रांधलं, आणि तेवढ्या काळात ती एवढं खरं क्वचितच बोलली असेल.

पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला, डोंगरांच्या बेचक्यातलं ते गाव. ऑक्टोबर लागला की मॅपल लाल व्हायचे, पायऱ्यांवर भोपळे येऊन बसायचे आणि अंधार पडला की घरोघरी दिवे मालवून भीतीचे सिनेमे सुरू व्हायचे. रोज एक. महिन्याचे दिवस एकतीस, सिनेमे एकतीस. रोंडाच्या फ्रिजवर यादी चिकटवलेली असे आणि बघून झालेल्या नावावर ती काट मारत असे. पण बघायची तिची तऱ्हा निराळी होती. पडद्यावर कुऱ्हाड उगारली जात असताना तिची नजर भलतीकडेच असायची. बसची वाट बघत उभा असलेला टोपीवाला. दुकानातून पिशवी घेऊन निघालेली बाई. क्षणभर दिसायची आणि चौकटीच्या कडेतून निघून जायची अशी माणसं. ती कुठं जातात, घरी पोचतात का, हे कुठलाच सिनेमा सांगत नाही. रोंडा मात्र सिनेमा संपल्यावरही त्या कडेकडे बघत बसून राहायची.

महिन्यातला शेवटचा शनिवार 'आपल्या पिक्चर'चा.

एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरात बाहेरची मंडळी ट्रकभर सामान घेऊन गावात आली होती. नऊ दिवस त्यांनी शूटिंग केलं. गोष्ट साधीच, सुगीच्या मिरवणुकीत पेंढ्याचा मुखवटा घातलेला एक खुनी शिरतो आणि माणसं मारत सुटतो. मिरवणुकीच्या गर्दीत गावचीच माणसं उभी केली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना तसेच पेंढ्याचे मुखवटे वाटले होते. सिनेमा कुठल्या थिएटरला लागलाच नाही. थेट टेपवर आला आणि जग तो विसरून गेलं. गाव विसरलं नाही. बंबखान्याच्या हॉलमध्ये दर वर्षी संध्याकाळी पाचला घडीच्या खुर्च्या मांडायच्या, पॅट्सीनं कोबी घालून परतलेल्या नूडल्सची मोठी परात आणायची, आणि टेप लावायची.

त्याची एक रीत होती. पडद्यावर गावचं माणूस दिसलं, की सगळ्यांनी मिळून त्याचं नाव ओरडायचं. "एल्डन!" म्हटलं की बंबाचा मुख्य एल्डन क्रेप्स उठून हात हलवायचा. बर्ट शॅफर त्यात चार सेकंदांचं प्रेत झाला होता. "बर्ट!" अशी आरोळी उठली की तो टोपी काढून वाकायचा आणि म्हणायचा, "आभारी आहे मंडळी! मेल्याशिवाय माझी किंमत कळली नाही तुम्हाला."

आणि जे माणूस आता राहिलेलं नाही, ते दिसलं की कुणी ओरडायचं नाही. तेवढा वेळ हॉल गप्प. ही रीत मार्सीपासून सुरू झाली. पहिल्या वर्षी एकाच ठिकाणी अकरा सेकंदांची शांतता होती. मग वर्षागणिक त्या सिनेमात शांततेची ठिगळं वाढत गेली. अलीकडे मिरवणुकीचं बँडपथक वाजत यायचं आणि त्यातली सहाच नावं ओरडली जायची.

मार्सी रोंडाची धाकटी बहीण. सतरा वर्षांची. पडद्यावर ती अकरा सेकंद आहे. पिवळा स्वेटर, हातात सफरचंद. मिरवणूक बघता बघता ती डावीकडे वळते, चौकटीच्या बाहेर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघते आणि खदखदून हसते. त्याच संध्याकाळी ती नाहीशी झाली. पुन्हा सापडली नाही.

ती कुणाकडे बघून हसली? पोलिसांनी टेप कितीदा पाहिली. तिच्या कोपराशी चित्र संपत होतं, तिथं एक पेंढ्याची काडी तेवढी दिसायची. गावानं त्याला नाव ठेवलं, कडेचा माणूस. त्यानंच तिला नेलं यात कुणाला शंका नव्हती. पोरं अंधार पडल्यावर खेळत राहिली, तर आया दारातून हाक मारायच्या, "आत व्हा रे, कडेचा माणूस येईल!" रोंडाच्या स्वयंपाकघरात ताट घेऊन रांगेत उभी राहणारी चिमुरडी एकमेकांना त्याच नावानं भेवडवायची, आणि रोंडा त्यांच्या ताटात मक्याचे दाणे वाढत राहायची.

कडेचा माणूस ती होती.

त्या दिवशी तिची हातमोज्यांच्या कारखान्यात पाळी होती. ती दांडी मारून आली होती, म्हणून दिवसभर मुखवटा घालून वावरली. गर्दीत तिला मार्सीशिवाय कुणी ओळखलं नाही. शूटिंग आटोपल्यावर ती एका माणसाच्या गाडीत बसून गेली. त्याला बायको होती. मार्सी म्हणाली, "मग मी घरी कशी जाऊ?" रोंडा म्हणाली, "रुळावरनं जा की. पाय मोडलेत का?" रूळ बोगद्यातून जात होते.

रात्री आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी कारखान्यात होते. मला काय माहीत?" पोलिसांनी विचारलं तेव्हाही तेच. सिनेमावाल्यांचे ट्रक तळ्याकाठी उभे होते म्हणून सगळ्यांनी तळं उपसलं. तीन आठवडे. बोगद्याकडं कुणी गेलं तोवर बर्फ पडून गेलं होतं. पहिल्या दिवशी बोलली असती तर नोकरी गेली असती, अब्रू गेली असती. दुसऱ्या दिवशी बोलायचं म्हणजे पहिल्या दिवसाचाही जाब द्यायला हवा होता. असे दिवस साठत गेले.

आई त्यानंतर अठरा वर्षं जगली. ती टेप थांबवून ठेवायची, टीव्हीजवळ जायची आणि काचेच्या डाव्या कडेला गाल टेकवून आतल्या बाजूला बघायचा प्रयत्न करायची. भिंतीआडचं माणूस बघावं तशी. "जरा इकडं सरक ना गं मार्सी," म्हणायची. "बघू दे मला कोण आहे तो." मग मागं वळून, "रोंडा, तुझे डोळे चांगले आहेत, तू बघ बरं." रोंडा उठायची, काचेपाशी वाकायची आणि म्हणायची, "काही दिसत नाही, आई."

यंदा सप्टेंबरातच वाचनालयाच्या दारावर कागद लागला. टेसा नावाची नवी ग्रंथपाल दोन वर्षांपूर्वी गावात आली होती. तिनं कुणाकुणाला पत्रं लिहून मूळ रीळ शोधून काढलं होतं. टेपवर घेताना चित्राच्या दोन्ही कडा छाटल्या गेल्या होत्या. आता पडदाभर अख्खं चित्र दिसणार होतं.

रोंडा वाचनालयात गेली. "ती जुनी टेपच लावा ना," ती म्हणाली. "लोकांना सवय आहे तिची."

"टेप झिजलीय हो, रोंडाताई. आणि खरं सांगू?" टेसानं तिचा हात हातात घेतला. "मी हे तुमच्यासाठी केलंय. अजून मीसुद्धा पाहिलेलं नाही. म्हटलं, पहिल्यांदा तुम्हीच बघा, सगळ्यांबरोबर. इतक्या वर्षांनी कळेल तरी, कोण होता तो हलकट."

रोंडाला एकच गोष्ट आठवत नव्हती. सफरचंदाचा घास घ्यायला तिनं मुखवटा वर केला होता, हे नक्की. तिच्या नाकाला पेंढा चिकटला होता, त्यालाच मार्सी हसली होती. पण त्या अकरा सेकंदांत तो वर गेला होता की त्यानंतर, हे काही केल्या आठवेना. यंदाच्या ऑक्टोबरात फ्रिजवरच्या यादीवर एकही काट पडली नाही. बोलून टाकावं म्हणून ती दोनदा पॅट्सीच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा भोपळ्याची वडी घेऊन परत आली. न जाऊन चालणार नव्हतं. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तिची होती, आणि ती रिकामी दिसली तर गावानं आधी तिकडेच पाहिलं असतं.

शनिवारी हॉल गच्च भरला. भिंतीला टेकूनही माणसं उभी. पॅट्सी शेजारी बसली आणि तिनं रोंडाच्या मांडीवर आपली शाल टाकली. "थंड पडलीस गं. डोळे मिट हवं तर. मी सांगते तुला."

"नको. बघते."

पडदा रुंद होता. ओळखीचे रस्ते दोन्ही अंगांनी वाढले होते. कधी न दिसलेली दुकानं, कधी न दिसलेली माणसं कडेनं आत आली होती. "अरे, हा तर आपला मर्ल!" कुणीतरी म्हणालं, आणि मग लगेच गप्प झालं, कारण मर्लला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आज ओरडण्यापेक्षा थांबणंच जास्त होतं.

बँड आला. सहा नावं झाली. मग पिवळा स्वेटर.

हॉल गप्प झाला. मार्सीच्या कोपराशी आज चित्र संपलं नाही. तिथं एक माणूस उभा होता, पेंढ्याचा मुखवटा घातलेला. अंगावर पुरुषी कोट. मागच्या रांगेत कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज झाला. टेसानं तोंडावर हात ठेवला. रोंडानं सेकंद मोजायला सुरुवात केली. चार. पाच. मुखवट्याच्या भोकांतून तो माणूस थेट हॉलकडे बघत होता. सहा. वाचले, तिला वाटलं. सात.

मग त्यानं हात वर करून मुखवटा कपाळावर सरकवला आणि मार्सीनं कोपरापलीकडे त्याच्यापुढं धरलेल्या सफरचंदाला तोंड लावलं. वीस वर्षांची रोंडा. नाकाला पेंढा. मार्सी वळली आणि खदखदून हसली.

हॉलमधल्या दीडशे माणसांनी तिला ओळखलं. त्यातल्या निम्म्यांना तिनं लहानपणी जेवू घातलं होतं. आता नाव येईल, तिला वाटलं. सवयीनं तरी कुणाच्या तोंडून निघेल. शिवी दिल्यासारखं का होईना, पण ओरडतील. गेले कित्येक दिवस ज्याची धास्ती घेतली होती, त्याचीच ती आता कान टवकारून वाट बघत होती. जिवंत माणसाचं नाव ओरडायची रीत होती. चाळीस वर्षांत ती कुणी चुकवली नव्हती.

कुणी ओरडलं नाही. अकरा सेकंद झाले. मार्सी कडेतून निघून गेली, तिच्यामागून कोटातली मुलगीही गेली.

रस्त्यावर बर्ट मरून पडला होता. "बर्ट!" एल्डननं हाक दिली. आवाज चिरका निघाला. मग सगळे ओरडले, "बर्ट!" आजवर कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात. बर्टनं टोपी काढली नाही.

रोंडानं पॅट्सीकडे पाहिलं. पॅट्सी पडद्याकडे बघत होती. रोंडानं तिला हात लावला, तेव्हा तिनं आपला हात सावकाश मांडीवर ओढून घेतला, झोपेतलं माणूस घेतं तसा. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागं वळून पाहिलं. तिची नजर रोंडाच्या खुर्चीवरून अशी सरकत गेली, जणू तिथं कुणी बसलेलंच नाही.

"एल्डन!" हॉल ओरडला. "डोरीन!" नावांमागून नावं. त्यांच्यामध्ये आणखी कुठं शांतता शिरू नये म्हणून ते घाईघाईनं ओरडत होते.

रोंडानं तोंड उघडलं. स्वतःचं नाव एकदा स्वतःच घ्यावं, एवढंच तिच्या मनात आलं. पहिलं अक्षर जिभेवर आलं आणि तिथंच वाळलं.

मांडीवरची शाल तिनं घडी करून खुर्चीवर ठेवली. ती उठली तेव्हा मागच्या कुणीही मान तिरपी केली नाही, ती पडद्याच्या उजेडात उभी असतानाही नाही. भिंतीला टेकलेल्या माणसांनी पडद्यावरची नजर न काढता पाय आत ओढले आणि वाट झाली. त्या वाटेनं चालत जाऊन रोंडानं कडेचं दार ढकललं आणि ती बाहेर पडली.